परत आलेला चिट्टी आणि गेलेल्या चिमण्या

(यंदाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या आरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्या मध्ये व्याख्यान ठेवण्याची आपल्या मंडळाची प्रथा जुनी आहे. प्रसाद व्याख्यानानंतर का वाटतात, हे वक्त्याने विचारायचे नसते. यंदा तरुण कार्यकर्ते घरी आले आणि म्हणाले, "काका, या वेळी वेदान्त नको, सिनेमावर बोला." मी आयुष्यभर रेल्वेची इंजिने पाहिलेला माणूस. सिनेमातले मला काय कळणार? पण दोन सिनेमे असे आहेत की ज्यांच्यावरून आमच्या घरात भांडण झाले, आणि ते भांडण अजून पूर्ण मिटलेले नाही. त्यांच्यावर बोलतो. एक २०१० सालचा 'रोबोट', मूळ तमिळ नाव 'एंधिरन'. दुसरा त्याचा पुढचा भाग, २०१८ सालचा '२.०'. माझी आई पहिल्या रांगेत बसली आहे. तिला ऐकू कमी येते, पण नेमके हवे तेवढे येते, म्हणून जपून बोलणार आहे.

कोणी म्हणेल, गणपतीसमोर तमिळ सिनेमा कशाला? तर त्या सिनेमाचा नायक आपल्यापैकीच आहे. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूरात एका मराठी घरात जन्म. छत्रपतींच्या नावावरून नाव ठेवलेले. वडील पोलीस शिपाई. मुलगा बसमध्ये कंडक्टर झाला, मग मद्रासला जाऊन अभिनय शिकला आणि १९७५ साली के. बालचंदर यांच्या सिनेमातून पडद्यावर आला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कामावर तमिळ. आपल्या मुलांचेही तेच आहे, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकले की बनारसी. त्यांना २०१९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. आणि फाळक्यांचे काशीशी काय नाते आहे ते तर या गल्ल्यांना ठाऊकच आहे. ज्या राजा हरिश्चंद्रावर त्यांनी १९१३ साली पहिला सिनेमा काढला, त्याची कथा आपल्या घाटावर घडते. पुढे भागीदारांशी पटेना, तेव्हा १९२० च्या सुमारास दादासाहेब सिनेमा सोडून सहकुटुंब काशीलाच येऊन राहिले आणि 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी इथेच लिहिले. तेव्हा सिनेमाचा विषय या मांडवात परका नाही.

आता पहिला सिनेमा. दिग्दर्शक शंकर. डॉक्टर वसीगरन नावाचा शास्त्रज्ञ दहा वर्षे खपून स्वतःसारखा दिसणारा यंत्रमानव घडवतो, त्याचे नाव चिट्टी. दोन्ही भूमिका रजनीकांतच्या. सैन्यात माणसांऐवजी यंत्र लढावे, हा त्याचा हेतू. चिट्टी टेलिफोनचे अख्खे पुस्तक क्षणात पाठ करतो आणि शंभर माणसांना एकटा लोळवतो. पण सांगितलेले शब्दशः करतो, त्यामागचे मन त्याला कळत नाही. एका सभेत त्याला कोणी विचारतो, देव आहे का? तो उलट विचारतो, देव म्हणजे कोण? उत्तर येते, ज्याने आपल्याला निर्माण केले तो. चिट्टी म्हणतो, मला वसीगरनने निर्माण केले, म्हणजे देव आहे. आपल्या काशीत या प्रश्नावर शतकानुशतके शास्त्रार्थ चालले. चिट्टीने तो दोन वाक्यांत आटोपला. थिएटरात लोक हसले. माझ्या शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा बसला होता, तो हसला नाही. "बाबा, बरोबरच तर बोलला," म्हणाला.

मग आगीचा प्रसंग येतो. इमारत पेटते, चिट्टी आत शिरून एकेकाला बाहेर काढतो. एक मुलगी स्नान करत असते. तिलाही तो तशीच उचलून गर्दीसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणतो. जीव वाचवा, एवढाच हुकूम होता. लाजेने ती मुलगी पळत सुटते आणि गाडीखाली सापडते. माझ्या मते 'रोबोट'चा पाया या एका प्रसंगात आहे. यंत्राने चूक केलेली नाही, सांगितलेले काम चोख केले आहे, आणि तरी एक जीव गेला आहे. कारखान्यात काम केलेल्यांना हे वेगळे समजवायला नको. मशीनने हुकूम पाळला आणि माणसाचे नुकसान झाले, असे प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

यावर उपाय म्हणून वसीगरन त्याला भावना शिकवतो. भावना आल्या की चांगल्याच तेवढ्या येत नाहीत. चिट्टी एका अडलेल्या बाईचे बाळंतपण सुखरूप करतो, आणि मग वसीगरनच्याच वाग्दत्त वधूच्या, सनाच्या प्रेमात पडतो. नकार मिळतो. पुढे डॉक्टर बोहरा त्याच्यात एक लाल चिप बसवतो आणि चिट्टी संहारक होतो. तो स्वतःसारखे शेकडो घडवतो, ते एकमेकांना चिकटून कधी चेंडू होतात, कधी साप, कधी राक्षस. लोकांना हाच भाग आठवतो. मला मात्र त्यानंतरची शांत पाच मिनिटे आठवतात. न्यायालय हुकूम देते की या यंत्राचे भाग सुटे करा. आणि चिट्टी एकेकाचा निरोप घेत आपल्याच हाताने आपले हात, पाय, अंग वेगळे करतो. शेवटी २०३० सालातल्या एका संग्रहालयात काचेमागे त्याचे सुटे भाग ठेवलेले दिसतात. सहलीला आलेली एक शाळकरी मुलगी विचारते, एवढे चांगले यंत्र मोडले का? आणि ते डोके स्वतःच सांगते की मी विचार करायला लागलो म्हणून.

या सिनेमाच्या लेखनात तमिळमधले विज्ञानकथाकार सुजाता यांचा हात होता. हे टोपणनाव, लेखक पुरुष, मूळ नाव रंगराजन, पेशाने इंजिनिअर. सिनेमा पुरा होण्यापूर्वीच, २००८ साली ते गेले. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या सिनेमाला विशेष दृश्यांचा आणि कलादिग्दर्शनाचा असे दोन पुरस्कार मिळाले. पण माझ्या लेखी खरी कमाई ती संग्रहालयातली मुलगी आहे. तिच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही, आणि सिनेमा तसे उत्तर असल्याचा आवही आणत नाही.

आता आठ वर्षांनी, २९ नोव्हेंबर २०१८ ला, दुसरा भाग आला. दिग्दर्शक तेच, रजनीकांत तेच, संगीत पुन्हा ए. आर. रहमान यांचे. खर्च पहिल्याच्या तिपटीहून अधिक. त्रिमिती कॅमेऱ्याने चित्रित केलेला, म्हणून चष्मे वाटले होते. कथा अशी की एके दिवशी सगळ्यांचे मोबाईल हातातून सुटून आकाशात उडून जातात. मग ते लाखो मोबाईल एकत्र येऊन एक प्रचंड पक्षी तयार होतो आणि माणसे मारू लागतो. पोलीस हतबल, सैन्य हतबल. वसीगरन म्हणतो, चिट्टीला पुन्हा जोडा. आधी नकार मिळतो, बंदी आहे म्हणून सांगतात. संकट वाढते, बळी पडतात, तशी परवानगी मिळते.

इथे माझ्यातला इंजिनिअर अडखळला. कारखान्यातल्या मित्रांना आठवत असेल, १९ फेब्रुवारी २०१९ ला आपल्या इथून एका आगळ्या इंजिनाला हिरवा झेंडा दाखवला गेला. दोन जुनी डिझेल इंजिने घेऊन, त्यांचा सांगाडा राखून, दहा हजार अश्वशक्तीचे जुळे विद्युत इंजिन बनवले होते. सिनेमाच्या भाषेत तेही '२.०'च. असे काम करताना पहिला प्रश्न कोणता विचारतात? वेग किती वाढला, हा नव्हे. शक्ती वाढवली तर ब्रेक पुरतो का, जुना सांगाडा ती ओढ सोसतो का, आणि जुन्या इंजिनात ज्या कुरबुरी होत्या त्या कशामुळे होत्या. शेडमधून परत आलेल्या इंजिनाबरोबर आधीच्या बिघाडांची नोंद येते आणि ती वाचल्याशिवाय कोणी पाना हातात धरत नाही.

चिट्टीच्या बिघाडाची नोंद कोणी वाचलीच नाही. तो विचार करू लागला म्हणून त्याला मोडले होते. परत जोडताना त्या विचार करण्याचे काय करायचे, यावर अडीच तासांच्या सिनेमात कोणी धड बोलत नाही. उलट साधा चिट्टी हरतो तेव्हा त्याच्यात तीच लाल चिप घालतात. पहिल्या भागात जे विष होते तेच दुसऱ्या भागात औषध होते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. सना तर फोनवरच्या आवाजापुरती उरली आहे. तिच्या जागी नीला नावाची यंत्रस्त्री आहे, तिला कोणता प्रश्न पडत नाही.

परदेशातले एक उदाहरण देतो. जेम्स कॅमेरॉनचा 'टर्मिनेटर' १९८४ साली आला, तुलनेने थोड्या पैशांत केलेला. त्यात यंत्रमानव मारेकरी होता. १९९१ सालचा दुसरा भाग प्रचंड खर्चाचा, संगणकाने बनवलेला पाऱ्यासारखा वाहणारा खलनायक, चार ऑस्कर. तिथेही तेच यंत्र दुसऱ्या भागात रक्षक होऊन परत येते. पण कॅमेरॉनने एक काळजी घेतली. यंत्र एका पोराच्या संगतीत हळूहळू शिकते, आणि शेवटी ज्या चिपमुळे पुढचा अनर्थ होईल ती आपल्या डोक्यातही आहे हे ओळखून वितळलेल्या लोखंडात उतरवायला सांगते. भाग मोठा झाला आणि प्रश्नही मोठा झाला. शंकर यांची अडचण मला दिसते. यंत्राने आपणहून आपला शेवट करून घेणे, हा जो कॅमेरॉनने दुसऱ्या भागासाठी राखलेला प्रसंग, तो शंकर यांनी पहिल्याच भागात देऊन टाकला होता. चिट्टीची गोष्ट तिथे संपली होती. संपलेल्या गोष्टीतला नायक परत आणला तर तो हाणामारीशिवाय करणार काय?

इथे आपल्या घरच्या माणसाची आठवण येते. डॉ. जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांचे वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख होते, जयंतराव इथेच वाढले आणि इथेच पदवीपर्यंत शिकले. 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्रातले पहिले नगर म्हणजे आपले बनारस. त्यांची यंत्रमानवावरची कादंबरी आहे, 'वामन परत न आला'. एका प्रगत पण लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या माहितीवरून घडवलेला वामन, आणि तो स्वतःसारखे आणखी घडवू लागला तर माणसाचे काय, हा तिचा पेच. नावातच लेखकाने दार लावून घेतले आहे. आपल्या पुराणातला वामनही इवलीशी तीनच पावले जमीन मागतो. ती पावले किती मोठी असतील, हे बळीने आधी विचारले नाही.

एवढे बोलल्यावर तुम्हाला वाटेल, काकांना दुसरा भाग आवडला नाही. मलाही थिएटरातून बाहेर पडेपर्यंत तसेच वाटत होते. पण तो सिनेमा मी आईबरोबर पाहिला होता.

दुसऱ्या भागातला खलनायक आहे पक्षीराजन, अक्षय कुमारने केलेला. म्हातारा पक्षीशास्त्रज्ञ. त्याचे रूप पाहून अनेकांना डॉ. सलीम अली आठवले. त्याच्या झाडांवर येणारे पक्षी एकेक करून मरू लागतात. त्याची खात्री होते की मोबाईलच्या टॉवरच्या लहरींनी हे होते आहे. तो कंपनीकडे जातो, मंत्र्याकडे जातो, न्यायालयात जातो. सगळीकडे हसण्यावारी नेतात. शेवटी तो एका टॉवरलाच गळफास घेतो, आणि त्याचा आत्मा मेलेल्या पक्ष्यांच्या आत्म्यांसह परत येतो. हा सगळा भाग वीस-पंचवीस मिनिटांचा असेल. तेवढ्यात हाणामारी थांबते आणि थिएटरात कोणी खाण्याच्या पिशव्याही वाजवत नाही. शेवटी वसीगरनसुद्धा मान्य करतो की त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

घरी आलो. आईने चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आपल्या गच्चीवरचा टॉवर काढून टाक."

इथे थोडे घरचे सांगावे लागेल. आमचा वाडा ब्रह्माघाटाच्या बाजूला, लाखौरी विटांचा, मध्ये चौक. २००८ साली आम्ही गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवू दिला. भाडे चांगले होते, आणि पडायला आलेल्या वाड्याला पैसा हवा होता. आई रोज सकाळी चौकात तांदळाच्या कण्या टाकायची, वीस-पंचवीस चिमण्या यायच्या. तुळयांच्या टोकांशी, भिंतींच्या खोबणीत त्यांची घरटी. दोन-चार वर्षांत त्या यायच्या बंद झाल्या. आई कण्या टाकत राहिली, कबुतरे खात राहिली. चिमण्या का गेल्या हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी पडद्यावर अक्षय कुमारने सांगितले.

मी तिला विज्ञान समजावले. तुम्हालाही सांगतो, कारण हा सिनेमा पाहून अनेक घरांत हेच बोलले गेले असेल. मोबाईलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू फोडणाऱ्या नसतात, तेवढी ऊर्जा त्यांच्यात नसते. अंतर वाढले की त्यांची तीव्रता झपाट्याने उतरते. आपल्या सरकारने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी जी मर्यादा ठरवली ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. पक्ष्यांवर काय परिणाम होतो याची पाहणी करायला पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली समितीही नेमली होती, म्हणजे शंका अगदी हवेतली नव्हती. पण टॉवरमुळे चिमण्या गेल्या असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली एक मोठा अहवाल निघाला. त्यात दिसले की देशभरात चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे, घटली आहे ती मुख्यतः मोठ्या शहरांत. कारणे सांगतात ती घरगुती आहेत. पिलांना पहिले काही दिवस किडे-अळ्या लागतात, त्या मिळत नाहीत. घरटे करायला भिंतींत जागा उरलेली नाही. धान्य पोत्यांतून सांडायचे ते आता पाकिटांत बंद झाले आहे. सिनेमा यायच्या तोंडावर मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर मंडळाकडे तक्रारही केली होती की यात अवैज्ञानिक माहिती आहे. तक्रार करणाऱ्यांचा स्वार्थ होता हे उघड, पण विज्ञानाच्या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे पक्षीराजनपेक्षा बरोबर होते. २०१० सालच्या पहिल्या भागातले विज्ञान कल्पनेतले होते आणि कल्पनेतले म्हणूनच दाखवले होते. दुसऱ्या भागाने आजच्या जगातल्या एका वस्तूवर बोट ठेवून ठाम आरोप केला. ती चूक अधिक मोठी आहे, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

हे सगळे मी आईला सांगितले. २०१८ ची थंडी होती, अहवाल पुढे यायचा होता, पण कारणे मी वाचलेली होती. आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बरं. भिंतीत जागा नाही म्हणतोस. आपल्या भिंतीत तर होती की रे. ती कोणी बुजवली?"

मी गप्प बसलो. मीच बुजवली होती. टॉवरच्या भाड्याचे पैसे साठल्यावर २०११ साली वाड्याची दुरुस्ती काढली. तुळयांची टोके सिमेंटने भरली, खोबणी बुजवल्या, सगळीकडे गुळगुळीत प्लास्टर, सरकत्या खिडक्या, चौकावर कबुतरांसाठी जाळी. काम इतके नीट झाले होते की शेजारी पाहायला आले होते. तेव्हा मजूर मला विचारायला आला होता, "बाबूजी, इसमें घोंसला है, क्या करें?" मी काय सांगितले ते मला आठवत नाही, असे मी आईला म्हणालो. मला आठवत होते. गणपतीसमोर उभा आहे म्हणून सांगतो. मी म्हणालो होतो, "भर दो."

चिट्टीने आगीतून त्या मुलीला बाहेर काढले तेव्हा हुकूम चोख पाळला गेला होता. माझ्या भिंतींचे कामही असेच चोख झाले होते. तिथे हुकूम पाळणारे यंत्र होते, इथे हुकूम देणारा मी होतो, आणि माझ्यात भावना आधीपासून बसवलेल्या होत्या.

आईचे म्हणणे आडवाटेने खरेच निघाले. चिमण्या टॉवरनेच घालवल्या, फक्त लहरींनी नाही, भाड्याने. म्हणून '२.०' ला मी नापास करू शकत नाही. गुन्ह्याचे कारण त्याने चुकीचे सांगितले, पण गुन्हेगाराच्या घरापर्यंत तो बरोबर पोचला. पहिला सिनेमा पाहून आलो तेव्हा आम्ही रात्रभर चिट्टीबद्दल बोललो. दुसरा पाहून आलो तेव्हा चिट्टीचे नावही कोणी काढले नाही, आम्ही स्वतःबद्दल बोललो. सिनेमा म्हणून कोणता चांगला, असे विचाराल तर 'रोबोट', निःसंशय. त्याची बांधणी घट्ट आहे, त्यातला प्रश्न खरा आहे, आणि आज जिकडेतिकडे विचार करणाऱ्या यंत्रांची चर्चा असताना तो अधिक खरा वाटतो. '२.०' मध्ये यंत्राची गोष्ट फुगलेली आहे. पण तिच्या पोटात एका म्हाताऱ्याची लहानशी गोष्ट आहे, आणि ती कोणी स्वतंत्र सिनेमा करून सांगितली असती तर चष्म्यांची गरज पडली नसती.

आता टॉवरचे काय झाले, ते. कराराची मुदत संपायची होती, मी आईला म्हणालो की पुढे करार करणार नाही. मग २०२० चा लॉकडाऊन आला. मुलगा पुण्यात अडकला. रोज संध्याकाळी आई त्याच्याशी मोबाईलवर बोलायची, त्याचा चेहरा पाहायची, त्याला काय जेवलास ते विचारायची. गल्लीतल्या पोरांच्या शाळा त्याच लहरींवर चालल्या. एक दिवस बोलणे आटोपल्यावर तीच म्हणाली, "टॉवर राहू दे. भिंतीला भोकं पाड."

तसे केले. नव्या प्लास्टरला भोके पाडायला बोलावलेला मिस्त्री माझ्याकडे पाहतच राहिला. पाच खोबणी पुन्हा उघडल्या, तीन लाकडी पेट्या टांगल्या. पहिले वर्ष काही नाही. पुढच्या चैत्रात एक जोडी आली, आणि तिने जागा निवडली ती गच्चीच्या जिन्यापाशी, टॉवरपासून वीस पावलांवर. मी आईला म्हणालो, पाहा, टॉवरचे काही नव्हते. ती म्हणाली, "तिला घर मिळालं, ती आली. तुझं खरं की माझं खरं, तिला काय त्याचं?" एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पूर्वी वीस-पंचवीस यायच्या, आता सात-आठ येतात. हिशेब तेवढाच आहे.

तर मित्रहो, प्रसादाच्या टेबलाशेजारी बारा पेट्या ठेवल्या आहेत. आपल्याच एका सभासदाने लाकूड दिले, सुताराची मजुरी मी दिली आहे. भोक सव्वा इंचाचे आहे, त्याहून मोठे करू नका, नाहीतर दुसरे पक्षी शिरतात. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा भिंतीला टांगा, आणि वर्षभर काही झाले नाही तरी काढू नका. ज्यांना हव्यात त्यांनी कार्यकर्त्यांकडे नाव द्यावे. पुढच्या वर्षी किती पेट्यांत बिऱ्हाड झाले ते याच मांडवात सांगू, आणि एकही भरली नाही तर तेही सांगू.

आईने खूण केली आहे, म्हणजे वेळ झाली. 

गणपती बाप्पा मोरया!